आता पलीकडे कुणी भुंकत नाही

“ताई, जाळी नका घेऊ, पत्रा घ्या. कुत्र्याला जे दिसतं त्यावरच ते भुंकतं. दिसलंच नाही, तर भुंकेल कशावर?”

कुंपणवाल्याने मला खांद्यावरून खाली उतरवता उतरवता हे सांगितलं होतं. ज्या बाईला सांगितलं, तिला तेव्हा सातवा महिना लागला होता. एक हात कमरेवर ठेवून ती नव्या घराच्या पायरीवर उभी होती. तिने हसून त्याचं बोलणं उडवून लावलं.

“आणि मला पलीकडचं दिसायला नको? पत्र्याआड कोण येतंय, कोण जातंय, मला काय कळणार? छे छे, जाळीच लावा.”

“लावतो. पण मग मला शिव्या देऊ नका.”

“नाही देणार. आधी चहा घ्या, मग काय ते ठोका.”

मित्रांनो, तीच मी जाळी. दोन अंगणांच्या मध्ये उभी असलेली, तारेची, दोन वर्षांतच जुनी झालेली. मधोमध माझं पोट सुटलंय आणि तिसऱ्या खांबापाशी मी बुडातून गंजले आहे. माझी कहाणी गोड नाही, हे आधीच सांगून ठेवते. आम्हा जाळ्यांना राग येत असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. पण येतो. तुम्हाला राग आला की तुम्ही दार आपटता, तावातावाने चार शब्द बोलता आणि मोकळे होता. आम्हाला ना बोलता येत, ना चालता येत. मग तो राग गंजासारखा आतल्या आत पसरत जातो.

एका यंत्रावर माझा जन्म झाला. सरळसोट तारा यायच्या, यंत्र त्यांना नागमोडी वळवायचं आणि एकीच्या वळणात दुसरीला अडकवायचं. कुणी कुणाला सोडायचं नाही, हा आमचा जन्मापासूनचा धर्म. अंगावर जस्ताचा मुलामा होता, उन्हात मी अशी चमकायचे की बघणाऱ्याने डोळे बारीक करावेत. कुंपणवाल्याने मला सात लोखंडी खांबांवर ताणून बसवलं, पक्कडीने बांधणीच्या तारा पिळल्या आणि तळहाताने माझ्यावर थाप मारली. “पंधरा वर्षं बघायला नको,” तो म्हणाला. माझ्या आयुष्यातलं तेवढं एकच कौतुक.

मुलामा उतरायला दीड वर्षही लागलं नाही.

माझ्या डाव्या हाताला त्या बाईचं अंगण. तिचा नवरा मालमोटार चालवायचा, आठवड्यातले पाच दिवस बाहेरगावी. उजव्या हाताला कंपाउंडरकाकांचं अंगण. चाळीस वर्षं दवाखान्यात औषधं मिसळून आणि पुड्या बांधून निवृत्त झालेला हा एकटा माणूस. अंगणात एक वेताची खुर्ची, एक नळ आणि एक कुत्रा, एवढाच त्याचा संसार. कुत्रा तपकिरी, छातीने रुंद, एक कान उभा आणि एक पडलेला. सगळी गल्ली त्याला हवालदार म्हणायची, कारण त्याची गस्त कधी चुकत नसे.

ती गस्त माझ्या अंगावरून जायची.

सकाळी कंपाउंडरकाका दार उघडत आणि हवालदार सुटे. नळापासून फाटकापर्यंत आणि फाटकापासून नळापर्यंत. पलीकडे टॉवेल हलला, भुंक. चप्पल वाजली, भुंक. चिमणी बसली, भुंक. भुंकता भुंकता तो पुढचे दोन्ही पाय माझ्यावर आपटायचा, माझ्या तारा दातांत धरून ओढायचा आणि गस्त संपली की तिसऱ्या खांबावर तंगडी वर करायचा. रोज. तिथेच! माझ्या पायाशी त्याच्या धावण्याची एक वाट पडली होती, गवताचं पातं उगवायचं नाही अशी. मी मनाशी म्हटलं, थांब हवालदारा. माझीही पाळी येईल.

मग त्या बाईला मुलगी झाली. महिनाभर आधीच, घाईघाईने. एवढीशी, की सगळे तिला गुंडी म्हणू लागले. खिडकी माझ्यापासून चार पावलांवर, त्यामुळे मला सगळं दिसायचं. गुंडी झोपली की तिची आई वाकून तिच्या नाकापुढे बोट धरायची. श्वास लागला की बोट काढायची. दोन पावलं जायची, परत यायची आणि पुन्हा बोट धरायची. तासभर मांडीवर हलवून, थोपटून, कंबरेचा काटा ढिला करून त्या पोरीला झोपवायचं आणि पाठ टेकायच्या आत बाहेरून “भौ!”

गुंडी टाहो फोडायची. तिची आई तशीच बाहेर धावायची, हातात जे असेल ते घेऊन. बहुतेक वेळा ते उलथनं असायचं.

“गप! गप म्हणते ना! मुडदा बशिवला मेल्याचा!”

आणि उलथनं माझ्यावर. खण्ण! खण्ण! खण्ण!

लक्षात घ्या, मित्रांनो, चिडायचं कुत्र्यावर आणि मार खायचा मी. तिच्या मते ती कुत्र्याला धडा शिकवत होती. हवालदाराला मात्र वाटायचं की समोरून लढाईला आव्हान आलंय. तो दुप्पट जोराने अंगावर यायचा. तोवर कंपाउंडरकाका खुर्चीतून ओरडायचे, “ए गप रे! हवालदार! गप!” ते ऐकून हवालदाराला आणखी चेव यायचा, कारण त्याला वाटायचं, वा, मालकही आपल्या बाजूने भुंकताहेत. तीन तोंडं एकदम सुटायची आणि मध्ये मी.

“काका, आवरा हो तुमच्या कुत्र्याला!”

“अगं पोरी, कुत्रं आहे ते. भुंकणार नाही तर काय गाणं म्हणणार?”

“मग निदान सुरात तरी भुंकायला शिकवा! माझं लेकरू अर्धा तास झोपत नाही सलग.”

“तू ते उलथनं वाजवू नकोस, मग बघ.”

“म्हणजे चूक माझीच?”

असं रोज चाले. गुंडी वर्षाची होईपर्यंत तिच्या आईच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली आणि माझ्या अंगावर उलथन्याचे खळगे. एके दिवशी हवालदाराने तिसऱ्या खांबाजवळची माझी तार दातांत धरली आणि पिरगाळून तोडली. टोक बाहेर आलं. गंजलेलं, तिरकं आणि सुईसारखं धारदार. कुंपणवाला असता तर त्याने पक्कडीने ते दुमडून टाकलं असतं. कुणी लक्ष दिलं नाही. मी दिलं. कुत्र्याच्या नाकाच्या बरोबर उंचीवर होतं ते. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याकडे एक नख आलं होतं.

त्याच सुमारास गुंडीची मावशी आठवडाभर राहायला आली. ती जनावरांच्या दवाखान्यात कामाला होती. गडगडाटी हसणारी, दंडावर चावल्याच्या जुन्या खुणा मिरवणारी बाई. आल्या आल्या तिने अंगणात पाट टाकला आणि तासभर काहीही न करता नुसती हवालदाराकडे बघत बसली.

“ताई, तू त्याला गप करायला आलीस की दृष्ट लावायला?” गुंडीच्या आईने विचारलं.

“तू थांब गं. आधी तो का भुंकतो ते कळू दे.” मग ती उठून सरळ पलीकडे गेली. “काका, हा दिवसभर एकटाच असतो अंगणात?”

“मी असतो की खुर्चीत.”

“तुम्ही पेपरात असता. त्याला दुसरं काम काय? ही जाळी म्हणजे त्याची नोकरी झालीय. तो भुंकला की पलीकडचं माणूस घरात जातं, म्हणजे त्याला वाटतं, पळवून लावलं. रोज जिंकतोय तो.”

कंपाउंडरकाकांनी चष्मा वर केला. “मग मी काय करू? त्याला हरवू?”

“नाही. त्याला दुसरी नोकरी द्या. सकाळी अंगणात सोडण्याआधी गल्लीत लांबवर फिरवून आणा, म्हणजे अंगातली रग जिरेल. आणि ओरडू नका, अजिबात. तो कान टवकारतो ना, त्या क्षणाला, भुंकायच्या आधी, त्याला आपल्याकडे बोलवा. आला की खाऊ. भुंकायला लागल्यावर बोलावून उपयोग नाही, तेव्हा त्याला तुमचं काही ऐकूच येत नाही.”

काकांनी आतून गोळ्यांची रिकामी बाटली आणली आणि तिच्यात बिस्किटाचे तुकडे भरले. पलीकडे पाऊल वाजलं, हवालदाराचा उभा कान हलला की बाटली खुळखुळायची. पहिल्या दिवशी त्याने ढुंकून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी मान वळवली. चौथ्या दिवशी तो माझ्यापर्यंत धावत आला, थबकला, गुंडीच्या आईकडे पाहिलं आणि मागे फिरून खुर्चीकडे गेला. माझा विश्वासच बसेना. म्हातारा लहान मुलासारखा टाळ्या वाजवत होता. “कंपाउंडरचा गुण आला बघा! चाळीस वर्षं माणसांना औषध दिलं, आता कुत्र्याला लागू पडलं!”

मावशीने खिडकीसमोरच्या माझ्या भागावर एक जुनी चादर बांधली होती. ती गेल्यावर दुसऱ्याच दिवशी गुंडीच्या आईने ती सोडून टाकली. पलीकडचं दिसत नाही म्हटल्यावर तिचा जीव टांगणीला लागायचा. मावशीने आणखी एक सांगितलं होतं. काका कुत्र्याला घेऊन आणि ही गुंडीला घेऊन, रस्त्याच्या दोन कडांनी, एकाच दिशेने रोज चालायचं. मध्ये जाळी नसली की तो ओळखायला शिकेल.

“मी माझी पोर घेऊन त्या राक्षसाबरोबर फिरायला जाऊ? डोकं फिरलंय का तुझं?”

“बरं, ते राहू दे. पण उलथनं मात्र घरात ठेव. एकदा जरी वाजवलंस, तर सगळं मुसळ केरात.”

बारा दिवस उलथनं घरात राहिलं. तेराव्या दिवशी भंगारवाल्याची हाक आली, काका नेमके न्हाणीघरात होते, हवालदार भुंकला आणि गुंडी उठली. एवढंच झालं. पंधरवड्यापूर्वी असं दिवसातून दहा वेळा व्हायचं. पण ती तरातरा बाहेर आली आणि तिने मला असं बडवलं, असं बडवलं, की उलथन्याची मूठ निखळून पडली. मी तिचा चेहरा जवळून पाहिला आहे. कुत्र्याने गप्प व्हावं असं त्या चेहऱ्यावर मुळीच नव्हतं. त्याने भोगावं, एवढंच होतं. जितक्या दुपारी त्याने नासवल्या, त्या सगळ्यांचं त्याने भोगावं.

दुसऱ्या दिवसापासून गस्त पुन्हा सुरू झाली. बाटली खुळखुळत राहिली, पण कुणी वळून पाहीना.

मला खोटं बोलायचं नाही. मला तेव्हा आनंदच झाला. भांडण मिटलं असतं, तर माझ्या नखाचं काय झालं असतं?

मित्रांनो, आता जे सांगते ते फक्त मी पाहिलं आहे. गुंडी चालायला लागली, तशी दुपारी आई कपडे धुवायला बसली की ती दुडुदुडु माझ्याकडे यायची. हवालदार पलीकडून यायचा. आणि भुंकायचा नाही. एकदाही नाही. तो जमिनीवर पोट टेकून बसायचा, ती माझ्या भोकातून बिस्किटाचा तुकडा सरकवायची, तो जिभेच्या टोकाने उचलायचा. मग ती “भूभू” म्हणायची आणि तो शेपटीने धूळ उडवायचा. आईचं पाऊल वाजलं की गुंडी तिकडे पळायची आणि हा उठून गस्तीला लागायचा. ज्या दोघांसाठी मी वर्षभर मार खाल्ला, त्या दोघांचं माझ्याच अंगातून गूळपीठ जमलं होतं! मला वाटलं, हे दोघं मला हसताहेत. मी माझं नख आणखी ताठ धरलं.

एके दिवशी आई धुण्यावरून लवकर उठली. कडेवर बादली घेऊन ती वळचणीला आली आणि तिने पाहिलं: गुंडीचा हात कोपरापर्यंत जाळीपलीकडे आणि कुत्र्याचं तोंड तिच्या बोटांवर.

ती किंचाळली. धावत आली आणि ओल्या कपड्यांची ती बादली तिने सगळ्या ताकदीनिशी माझ्यावर फेकली. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत थरारले. हवालदार दचकून उसळला आणि भुंकला, गुंडी घाबरली आणि तिने हात मागे ओढला. माझ्या नखावरून.

मनगटापासून कोपरापर्यंत एक लांब ओरखडा. रक्त यायला एक क्षण लागला, मग भळभळा आलं.

ते नख मी कुत्र्यासाठी राखलं होतं. मला ते आत ओढून घेता येत नव्हतं हे खरं. पण येत असतं, तर घेतलं असतं का? मी स्वतःला अजून विचारते आणि अजून उत्तर देत नाही.

“चावला! माझ्या पोरीला चावला!” तिचा आवाज सगळ्या गल्लीने ऐकला. कंपाउंडरकाका अनवाणी धावत आले. “बघू, बघू, मला बघू दे, मी पट्टी बांधतो.” “हात लावू नका तिला! तुम्ही आणि तुमचा कुत्रा!” ती पोरीला छातीशी धरून रिक्षा शोधत पळाली.

संध्याकाळी ती माझ्याजवळ उभी राहून फोनवर बहिणीशी बोलत होती, म्हणून पुढचं मला कळलं. “हो, इंजेक्शनं दिली. नर्स म्हणे, दातांची खूण दिसत नाही, सरळ ओरखडा आहे, तार वगैरे लागली का. मी म्हटलं, मी डोळ्यांनी पाहिलंय... नाही ताई, मला शिकवू नकोस तू. तुझी पोर आहे का ती?”

फोन ठेवता ठेवता तिची नजर खाली गेली. तिसऱ्या खांबाजवळ, माझ्या टोकाला, गुलाबी बाहीचा एक धागा अडकला होता. धाग्याच्या खाली तारेवर रक्त वाळलं होतं.

ती वाकली. किती तरी वेळ बघत राहिली. तिच्या बोटांनी ते टोक चाचपलं, अगदी हलकेच, जसं ती गुंडीच्या नाकापुढे बोट धरते तसं. मित्रांनो, तिला सगळं कळलं. मी तिच्या तोंडासमोर होते, मला चुकीचं दिसलेलं नाही. मग तिने धागा उपसून मुठीत घेतला, पदराने तार पुसली, घरात गेली आणि तक्रारीच्या कागदावर लिहिलं: कुत्रा चावला.

तिला समजून घेऊ नका असं मी म्हणत नाही. दीड वर्षाचा राग होता आणि हत्यार आयतं हातात आलं होतं. माझंही तेच झालं होतं. त्या संध्याकाळी आम्ही दोघी एकाच बाजूला होतो.

सकाळी पालिकेची कुत्री पकडणारी गाडी आली. दोन माणसं उतरली, एकाच्या हातात फास लावलेली काठी. हवालदाराने जाळीवर झेप घेतली, पण गाडीच्या लोकांवर नव्हे, तर पलीकडे खिडकीत उभ्या असलेल्या तिच्यावर. सवयीनेच. फास मागून पडला.

कंपाउंडरकाका वाद घालतील असं मला वाटलं होतं. ते आत गेले आणि एक पोचे पडलेलं ॲल्युमिनियमचं भांडं घेऊन आले. “हे बरोबर घेऊन जा. दुसऱ्यात पाणी पीत नाही तो.”

“काका, तिकडे असतात भांडी.”

“असतील हो. पण हे घेऊन जा.”

माणसाने भांडं घेतलं. “दहा दिवस देखरेखीखाली ठेवतात. ठीक राहिला तर इंजेक्शनचा कागद दाखवून सोडवून न्या. कुणी आलं नाही, तर मग आमच्या हातात नाही.”

गाडी गेली आणि आवाज बंद झाले. काय ती शांतता! समोरची शिंपीण मुद्दाम फाटकापर्यंत येऊन म्हणाली, “किती बरं वाटतंय नाही आता? कान किटले होते.” गुंडीची आई म्हणाली, “हो ना.” गुंडी दुपारी सलग दोन तास झोपली. तिची आई तिच्याजवळ बसून होती. झोपली नाही. मी ताणून उभी राहिले, जिंकल्यासारखी. माझ्या अंगावर कुणी पाय आपटत नव्हतं, तिसरा खांब कोरडा होता.

तिसऱ्या दिवशी कंपाउंडरकाका माझ्याजवळ आले. नेहमी खुर्चीतूनच बोलणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांनी माझ्या तारांत बोटं अडकवली.

“पोरी, गुंडीचा हात कसा आहे?”

“बरा आहे.”

“बरं झालं, बरं झालं. मी कचेरीत जाऊन आलो. इंजेक्शनचा कागद मागताहेत. आहे माझ्याकडे, सगळी इंजेक्शनं वेळेवर दिली आहेत, मी स्वतः कंपाउंडर. पण तो डबा वर माळ्यावर आहे गं, आणि स्टुलाचा एक पाय डुगडुगतो. तू दोन मिनिटं येऊन नुसतं स्टूल धरशील का?”

तिने मान वर केली नाही. दोरीवर एकच टॉवेल तिसऱ्यांदा झटकला.

“गुंडी झोपलीय. मला नाही जमणार.”

“हो हो, झोपू दे तिला. नंतर केव्हा...”

“नंतरही नाही जमणार, काका.”

ते “बरं” म्हणाले. हळूहळू आत गेले. थोड्या वेळाने स्टूल ओढल्याचा आवाज आला. मग डबा पडल्याचा, आणि त्यापाठोपाठ आणखी एक, जड आवाज. ती कपडे घेऊन दारात पोचली होती. थांबली. “आपटा,” ती पुटपुटली, “माझ्यावरचा राग भांड्यांवर काढा.” आणि तिने दार लावून घेतलं.

हवालदार असता तर त्याने गल्ली डोक्यावर घेतली असती.

याला आज दोन दिवस झाले. फाटकाजवळ दुधाच्या दोन पिशव्या पडल्या आहेत, एक फुगली आहे. वेताच्या खुर्चीत परवाचा पेपर उघडाच आहे. गुंडीच्या आईला हे सगळं दिसतं, पलीकडचं सगळं दिसावं म्हणूनच तर तिने मला आणलं. पण मनाला पटवून द्यायला तिला किती तरी कारणं सापडतात. रुसले असतील. भाच्याकडे गेले असतील. काल ती माझ्यापर्यंत आली आणि परत फिरली. आज सकाळी गुंडीला कडेवर घेऊन पुन्हा आली. गुंडीने पट्टी बांधलेला हात पुढे केला आणि हाक मारली, “काकाऽऽ.” कुणी ओ दिली नाही. तिच्या आईचे ओठ हलले. “का...” एवढंच आलं. कुठल्या तोंडाने हाक मारायची, हे तिला कळेना. हाक मारली आणि ते बाहेर आले, तर त्यांच्या डोळ्यांत बघावं लागणार. मग धाग्याचं सांगावं लागणार. पोरीला छातीशी घट्ट धरून ती आत गेली. आता खिडकीत उभी आहे आणि इकडेच बघते आहे.

तिच्या खिडकीतून काकांच्या स्वयंपाकघराचं दार दिसत नाही. मला दिसतं. ते अर्धवट उघडं आहे. आडवं पडलेलं स्टूल दिसतं, पत्र्याचा डबा दिसतो, फरशीभर पसरलेले कागद दिसतात. आणि एक पाऊल दिसतं, चप्पल निसटलेलं. काल दिवसभर त्याची बोटं अधूनमधून हलत होती. आज दूधवाल्याने भोंगा वाजवला तेव्हा एकदा हलली. त्यानंतर मी डोळ्यांत तेल घालून बघते आहे.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी आमच्यासारख्यांनी तुम्हाला काहीतरी शिकवायचं असतं. आमची निगा राखा, तुटलेली टोकं दुमडत जा, वर्षातून एकदा रंग द्या. ते सगळं नंतर. सूड घेऊन कसं वाटतं ते मला विचाराल, तर खूप शांत वाटतं. इतकं शांत, की दहा पावलांवर एक म्हातारा माणूस विव्हळला तरी ऐकू यायला हवं, आणि मला ऐकू आलं होतं. पहिल्या दिवशी. मी ऐकून घेतलं आणि ताणून उभी राहिले.

मला इथून हलता येत नाही. ती हलायला धजत नाही. तुमच्यापैकी कुणाचे तरी पाय मोकळे असतील. फाटक नुसतं लोटलेलं आहे. घराला वळसा घालून मागच्या बाजूने जा, पुढचं दार आतून लावलं आहे. जाताना त्या खिडकीतल्या बाईला हाक मारा, तिला कुणीतरी आधी हाक मारायला हवी आहे, ती पाठोपाठ येईल. कंपाउंडरकाका फरशीवर पडले आहेत. त्यांच्या नाकापुढे बोट धरून बघा, श्वास लागतो का.

जा. माझी गोष्ट राहू दे. आधी जाऊन बघा.